दुखवट्याची नोंद

मुक्ताने पुढे केलेले पेन प्रल्हादने तिच्याकडेच परत सरकवले.

"काका, करा ना तडजोडीवर सही," ती, त्याची तरुण वकील, हलक्या आवाजात म्हणाली. "चूक कबूल केली सरकारनं, भरपाईही देतंय. आता कशावर अडलंय?"

"त्या एका वाक्यावर."

"एका वाक्यासाठी सगळं घालवणार? तुम्ही म्हणजे अगदी..."

"भांडखोर. घरीही हेच म्हणतात."

परदेशात, शॅननच्या औद्योगिक वसाहतीत निम्मे आयुष्य काढलेल्या प्रल्हादचा वास्तव्याचा परवाना एका आदेशाने रद्द झाला होता. अपिलाचा निकाल लागेपर्यंत काम करण्याची मुभा होती. मात्र देशाबाहेर पाऊल टाकले की परतीचा दरवाजा बंद. त्याच काळात नागपुरात त्याची आई गेली. आदेश चुकीचा होता, हे सरकारने आता मान्य केले होते. परंतु त्या आदेशापायी एक मुलगा आईच्या अंत्यविधीला मुकला, एवढे निकालपत्रात लिहिले जावे, हा प्रल्हादचा हट्ट होता. आणि त्यावाचून सही करायला तो तयार नव्हता.

व्यासपीठावर बसलेल्या, अपील मंडळाच्या अध्यक्षबाईंनी कागदांवरून नजर उचलली.

"तुमच्या दुःखाविषयी मला शंका नाही. पण त्या दिवसांत तुम्ही रोज कामावर होता. रजा मागितली नाही, कोणाला सांगितलं नाही. या वाक्याला मी आधार कुठून आणू?"

"सांगितलं असतं, तर पहिला प्रश्न आला असता, मग गेला का नाहीस?" प्रल्हाद उभा राहिला. "परवाना गेलाय, हे सांगायची मला लाज वाटत होती. दहाव्या दिवशी घरीच मुंडण केलं आणि कामावर गेलो. आमच्यात आई गेली की मुलगा केस उतरवतो."

मागच्या बाकांवर कारखान्यातली मंडळी बसली होती. त्यांच्यातून नोरीन उठली. कामावर तिची जागा प्रल्हादच्या शेजारी होती.

"देवा," ती पुटपुटली. मग अध्यक्षबाईंकडे वळली. "आम्हाला वाटलं, यानं कॅन्सरच्या रुग्णालयासाठी केलंय. आपल्याकडे वर्गणीसाठी भादरतात ना डोकी. आम्ही पाठीवर थापा मारल्या. कॅन्टीनमध्ये याच्या नावानं पैसे जमवायला डबा फिरवला. आणि हा बाबा नुसता मान हलवत राहिला." तिने प्रल्हादकडे पाहिले. "मी तर त्याच्या टकलावरून हात फिरवला होता. हसत."

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला.

"ते वाक्य घाला," अध्यक्षबाई लेखनिकाला म्हणाल्या.

प्रल्हादला खाली बसायचे होते. पण नोरीन बाकांमधून वाट काढीत पुढे आली आणि तिने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"वाईट झालं, प्रल्हाद. काय नाव होतं आईचं?"

"अलकनंदा."

तिने ते नाव अडखळत उच्चारले आणि ती बाजूला झाली. तिच्यामागे पाळीचा मुकादम उभा होता, त्याच्यामागे इतर. कोणी सांगितले नव्हते, तरी रांग लागली होती. या मुलखात मयताच्या घरी माणसे अशीच येतात, एकेकाचा हात हाती घेतात, दोन शब्द बोलतात आणि पुढे सरकतात. अशा कितीतरी रांगांत प्रल्हाद उभा राहिला होता. रांग आपल्या दिशेने येताना मात्र त्याने कधी पाहिली नव्हती. मुक्ता त्याच्याजवळ येऊन उभी राहिली, जशी घरची माणसे राहतात.

नाव तोंडातोंडी पुढे चालले. कोणाच्या जिभेवर त्याचे एखादे अक्षर गळे, कोणी ते नीट विचारून घेई. युक्तिवादासाठी जमवलेले सारे शब्द प्रल्हादच्या मनातून निघून गेले. इतक्या परक्या कंठांतून आईचे नाव ऐकताना त्याला वाटले, सभागृहाचे छत वर वर चालले आहे.

हात संपत आले, तेव्हा त्याने मान वर केली. व्यासपीठावरची खुर्ची रिकामी होती. रांगेच्या अगदी शेवटी, चष्मा हातात धरून, अध्यक्षबाई आपली पाळी येण्याची वाट पाहत उभ्या होत्या.