सईचे पाच महिने

अनुयाच्या हातात जेमतेम दोन तास उरले होते. चार वाजता पाहणीची यादी बंद होणार होती, आणि तीत पंचवीस मुलं दिसली नाहीत तर खांदा कॉलनीमागची बालवाडीही बंद होणार होती. सुनीताताईंच्या त्या एवढ्याशा खोलीत रोज चाळीस मुलं बसत, सगळी बाहेरगावाहून आलेल्या मजुरांची. यादीत होती दोन!

आणि हा घोळ अनुयाचाच. स्थलांतरितांच्या पाहणीचा फॉर्म तिनेच बनवला होता. सहा महिन्यांपेक्षा कमी राहिलेलं कुटुंब आपोआप गळेल, ही अटही तिचीच. आकडे स्वच्छ राहावेत म्हणून. वा रे स्वच्छता! आता साहेब अट काढायला तयार नव्हते. कुटुंबाने स्वतः उत्तर बदललं तरच दुरुस्ती, तीही अंगठ्यानिशी.

म्हणून ती दारोदार फिरत होती. अठरा दारं झाली, अठराही ठिकाणी एकच उत्तर: पाच महिने. तिला रडू फुटायचंच बाकी होतं.

चाळीचे मालक भगवानशेठ पायरीवर बसले होते. भाडेकरूंना त्यांनीच पढवलं होतं, आणि ते लपवतही नव्हते.

"शेठ, खरं सांगू द्या ना त्यांना. मुलांसाठीच आहे हो."

"मागच्या येलेला पन तुमच्यासारकीच बाई आलती मोजाया. जुने भाडेकरू दिसले, नि म्हयन्याभरात चाल पाडाची नोटीस. आमी कुनावर इस्वास ठेवायचा?"

माणूस खोटं बोलत नव्हता, हेच तर वाईट होतं.

शेवटच्या खोलीत बुलढाण्याकडची एक बाई भाकऱ्या थापत होती. शेजारी तिची सई, चार वर्षांची. पोरीचा जन्म याच खोलीतला, हे सुनीताताईंनी सांगितलं होतं. एकीने खरं सांगितलं तर बाकीच्याही सांगतील, या आशेने अनुया उंबऱ्यातच बसली.

"ताई, ही इथेच जन्मली ना? मग पाच महिने कसे? पाया पडते तुमच्या, खरं सांगा."

बाईने पायरीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. "पाचच महिने झाले मॅडम. खोली गेली तर लेकराला घेऊन कुठं जाऊ?"

"सई, तू तरी सांग बाळा. किती महिने झाले?"

सईने हात वर केला आणि एकेक बोट उघडत मोठ्याने मोजलं: एक, दोन, तीन, चार, पाच. सुनीताताईंनी परवाच शिकवलं होतं तिला. मग ती शाबासकीची वाट पाहत राहिली.

"शाबास," अनुया म्हणाली. तिने पाचाचा आकडा भरला आणि आईच्या पिठाळ अंगठ्यापुढे टॅब धरला.