समुद्र डाव्या हाताला

नखाएवढं दीपगृह — पांढरं, डोक्यावर लाल टोपी, पायाशी धुऊन वाळत घातल्यासारखे खडक — काकूंच्या मोबाईलच्या तडकलेल्या काचेखाली, वर चिकटवलेल्या सेलोटेपच्या बुडबुड्यात अर्धं अडकलेलं. आणि त्याच्या शेजारी तेवढाच नखाएवढा ऋषी, हेल्मेट काखेत धरून, लग्नात फोटोवाल्याने अडवल्यासारखा हसणारा. सार्थकने दोन बोटांनी दीपगृह मोठं केलं. मोठं केल्यावर ते जास्तच खरं झालं.

म्हणजे ट्रिप झाली. कॅनडाचा पूर्व किनारा, मोटारसायकलवरून, अकरा दिवस, हॅलिफॅक्सपासून हॅलिफॅक्सपर्यंत. व्यवस्थित पार पडली. कोणाला काही लागलं-खरचटलं नाही, हवा चांगली मिळाली.

सार्थकने मोबाईल टेबलावर उपडा ठेवला आणि ट्रिप झाली नाही.

मग त्याने खुर्ची पुढे ओढली, आपल्या कॉम्प्युटरवर ‘अटलांटिक अंतिम ७’ नावाची फाईल उघडली, आणि चौथ्या दिवसाच्या मुक्कामासमोर तिथल्या पेट्रोल पंपाची वेळ लिहिली — रविवारी उशिरा उघडतो — कारण दोघांची ट्रिप पुढच्या उन्हाळ्यात होती, आणि चौथ्या दिवशी रविवार आला तर ऐनवेळी पळापळ नको.

ओतूरच्या एसटी स्टँडसमोरचं हे त्याचं सेवा केंद्र. उत्पन्नाचे दाखले, सातबारा, आधारातल्या दुरुस्त्या, जिवंत असल्याचे पुरावे. दहा वाजता ऋषीची आई, वैजयंतीकाकू, राजुरीहून आल्या होत्या. गाल सुजलेला, पदर गालाला लावलेला. “मोबाईल भरलाय रे पार. नवं फोटू येईनात. तेवढा मोकळा करून दे, मी तवर दाताचं बघून येते,” म्हणाल्या आणि मोबाईल टाकून गेल्या. ऋषीच्या आईचा मोबाईल दर दोन महिन्यांनी मोकळा करून देणं हे ऋषी कॅनडाला गेल्यापासून सार्थककडेच होतं. ऋषी जाताना बऱ्याच गोष्टी त्याच्याकडे देऊन गेला होता — आईचा मोबाईल, घरची गॅसची नोंदणी, आणि मोटारसायकल, जी तो “चालवत राहा, बॅटरी उतरते” असं म्हणून देऊन गेला आणि जिची बॅटरी त्यानंतर आठच दिवसांनी उतरली.

ऋषी गेला तो सार्थकनेच पाठवला, असं म्हणायला हरकत नाही. व्हिसाच्या अर्जासोबतचा तो दोन पानी निबंध सार्थकचा. त्या निबंधातल्या ऋषीला लहानपणापासून शीतगृहांच्या व्यवस्थापनाची ओढ होती. आठवीत असताना द्राक्षं सडताना पाहून तो अस्वस्थ झाला होता. वस्तुतः आठवीत असताना ऋषी फक्त एकदाच अस्वस्थ झाला होता, आणि तेव्हा त्याने अर्धा डबा कच्च्या कैऱ्या खाल्ल्या होत्या... पण व्हिसा आला. कॅनडा सरकारचा ऋषीवर विश्वास बसला. सार्थकने लिहिलेल्या ऋषीवर.

आणि कॅनडा तरी का? तर समुद्र. दोघं बारावीत असताना माळशेजला धुक्यात गाडी घातली होती, दहा फुटांपलीकडचं दिसेना, ऋषी मागे बसून ओरडत होता, “हाण, हाण, समुद्र आला!” — समुद्र कुठला, पिंपळगाव जोग्याच्या धरणाचं पाणी मागेच राहिलं होतं. पण ते वाक्य राहिलं. मग कुठूनतरी तो रस्ता सापडला, कॅबट ट्रेल. नकाशावर बेटाच्या डोक्याला गुंडाळलेला, एका बाजूला डोंगर, एका बाजूला अटलांटिक. तिथे जायचं, दोघांनी, दोन गाड्यांवर. तोवर इथेच सराव. मढ गाव म्हणजे तिकडचं इंगोनिश गाव. धरणाचं पाणी म्हणजे अटलांटिक. घाटातली माकडं म्हणजे मूस — मूस म्हणजे घोड्याएवढं हरिण, रस्त्यात उभं राहतं, हॉर्नला दाद देत नाही. माकडांची सवय असली की जड जात नाही, असं सार्थकने नोंदवून ठेवलं होतं. पाच वर्षं. फाईलच्या सात आवृत्त्या.

“साहेब.”

काउंटरसमोर एक म्हातारा उभा होता. पश्चिमेकडच्या डोंगरातल्या वाडीवरचे हौशीराम आबा. दाखल्यासाठी तिसऱ्यांदा आले होते, कारण दोनदा मशीनवर त्यांचा अंगठा उठला नव्हता.

“बसा आबा. हात पुसा.”

आबांनी अंगठा धोतराला पुसला, डोक्याला पुसला, मशीनवर ठेवला. मशीन म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.

“भात लावून लावून गेलं समदं,” आबा अंगठ्याकडे परक्याच्या वस्तूकडे बघावं तसं बघत म्हणाले. “ह्यो माझाच हाय बरं का. मी कुनाचा आनलेला न्हाई.” मग स्क्रीनवरच्या नकाशाकडे मान वळवून, “ह्ये कुठलं?”

“कॅनडा, आबा.”

“तिकडं भात व्हतो?”

“नाही.”

“मंग काय करत्यात लोकं?”

“फिरतात.”

“दिसभर?” आबांना खरोखर वाईट वाटलं. “अवघड हाय राव.”

चौथ्या प्रयत्नाला अंगठा उठला. आबा गेले. सार्थकने काकूंचा मोबाईल सुलटा केला, कारण काम ते काम. एक हजार एकशे चाळीस शुभ सकाळ त्याने काढून टाकल्या. सूर्य, गुलाब, चहाचे कप, हात जोडलेली लहान मुलं. हळदीकुंकवाचे त्रेसष्ट फोटो, त्यांतले चाळीस छताचे. मोबाईलने विचारलं, कायमचे काढायचे का? हो. हो. हो. असं करत बोट पुन्हा त्या एकशे बारा फोटोंपाशी आलं, ज्यांत ट्रिप झाली नव्हती.

एका दाबात गेले असते. माणसाच्या हातात एवढी सत्ता असू नये.

त्याने बघितले. नीट, पाळीने. तीन गाड्या. ऋषी आणि आणखी दोघं. एकाला पगडी, एक उंच, ओठ फुटलेला. तिन्ही गाड्यांच्या टाकीवर गोल स्टिकर. ते त्याने मोठं करून बघितलं नाही, कारण ते त्याला पाठ होतं — ते त्यानेच केलं होतं, त्यानेच छापलं, नारायणगावच्या एका कॅनडाला जाणाऱ्या मुलाच्या बॅगेत त्यानेच कोंबलं... ‘राजुरी ते अटलांटिक’. त्या उंच माणसाच्या गाडीवर. राजुरी हे गाव आहे की आजार हे त्याला माहीत नव्हतं, आणि तो राजुरीहून निघाला होता.

बरं, मुक्कामही तेच. त्या लाल भिंतीच्या खानावळीबाहेरचं बाक, ज्याच्यावर बसून डावीकडे बघायचं असं फाईलमध्ये लिहिलं होतं, त्या बाकावर तिघं बसले होते आणि डावीकडे बघत होते. आज्ञाधारकपणे. गंमत म्हणजे रागाआधी त्याला पहिल्यांदा बरं वाटलं, की बाक आहे तिथेच आहे.

तेवढ्यात त्याचा स्वतःचा मोबाईल वाजला. ऋषी. त्याच्याकडे मध्यरात्र उलटली असेल.

‘भाऊ यंदा सुट्टी नाहीच मिळाली. पुढच्या वर्षी नक्की. प्लॅन रेडी ठेव.’

सार्थकने ते ‘रेडी ठेव’ दोनदा वाचलं. मग लिहिलं, ‘हो. दोन पंप बघायचे राहिलेत.’ हे खरंही होतं. निमंत्रणाचं पत्र कधी पाठवतोस, हे त्याने लिहिलं नाही. ते गेल्या दिवाळीपासून ‘पाठवतो’ होतं. सगळ्या तालुक्याचे अर्ज भरणाऱ्या माणसाचा स्वतःचा व्हिसाचा अर्ज एका कागदावाचून अडला होता, आणि ते इतकं हास्यास्पद होतं की त्याने स्वतःच ते गावभर विनोद म्हणून सांगितलं होतं. विनोद म्हणून सांगितलेल्या गोष्टीबद्दल नंतर वाईट वाटून घ्यायची सोय राहत नाही.

मग त्याला तो फोटो दिसला. म्हणजे मघाशी दिसला होता, आता कळला.

कॅबट ट्रेल. ऋषीने चालू गाडीवरून, छातीला कॅमेरा लावून काढलेला. उजव्या कडेला डोंगर, ओला, अंगावर आलेला. मधे रस्ता. मग समोरून येणाऱ्यांची पट्टी, तिच्यावर एक भलाथोरला ट्रक. आणि ट्रकच्या पलीकडे, उरलंसुरलं, समुद्र.

डाव्या हाताला.

हे लोक उलटे गेले होते!

त्याची फाईल पहिल्या चार आवृत्त्यांत अशीच होती. समुद्र डाव्या हाताला ठेवायचा, कारण आपण डावीकडून चालवतो, डावी कड आपली. पाचव्या आवृत्तीच्या आधी, फेब्रुवारीत, धरणाच्या कडेने जाताना त्याला एकाएकी उमगलं की तिकडे उजवीकडून चालवतात — म्हणजे असं गेलो तर आपल्याला मिळणार डोंगर, आणि समुद्र आणि आपल्यामध्ये अख्ख्या कॅनडाची समोरून येणारी वाहतूक. उलट फिरायला हवं. सबंध बेट उलटं. त्याने तिथेच गाडी लावून ऋषीला आवाजी संदेश पाठवला होता, चार मिनिटं बारा सेकंद, वारा आणि बगळ्यांसकट: ऐक, आपण किती येडे, समुद्र उजव्या हाताला घ्यायचा, नाहीतर ट्रकच बघत बसशील... ऋषीचा लगेच अंगठा आला होता. सार्थक खूश झाला होता. इतका, की परत येताना तो एकटाच दोनदा हसला.

त्याने आता तो संदेश शोधला. मागे मागे, फेब्रुवारीपर्यंत. अंगठा होता. त्याच्या वर संदेश, आणि संदेशाच्या बाजूचं माइकचं छोटं चिन्ह — ऐकला की निळं होतं ते — करडं होतं. सहा महिने करडं. लगेच आलेला अंगठा. चार मिनिटं बारा सेकंद ऐकायला निदान चार मिनिटं बारा सेकंद लागतात, हे तेव्हा लक्षात यायला काय हरकत होती.

ट्रिप त्याच्याशिवाय झाली हे कदाचित गिळता आलं असतं. स्टिकरसकट. पण हे...

“झालं का रे?” काकू दारात. अर्धा गाल बधिर, शब्द एका बाजूने बाहेर पडत होते.

“झालं काकू. मोकळा झाला.”

“फोटू हायेत ना? ऋषीचं? त्ये नको काढू.” मग त्यांचा चेहरा बदलला, सुजलेली बाजू सोडून. “अगं बाई. तुला दावायचं नव्हतं. मला म्हणला व्हता, सार्थकला दावू नको, त्याला लई वाईट वाटंल. आन् मीच तुज्या हातात... ह्या दाताच्या पायी डोकंच चालंना बघ.”

“मी नाही बघितले काकू.”

“न्हाई?”

“शुभ सकाळ तेवढ्या काढल्या.”

काकूंनी त्याच्याकडे बघितलं. मग बाकड्यावर बसल्या आणि मोबाईल त्याच्यापुढे धरला. “मंग आता बघ. मला तरी कुठं काय कळतंय. त्याला इचारलं तर म्हणतो, आई, समुद्र हाय, आजून काय सांगू? ह्यो मनोरा कसला?”

न बघितलेल्या माणसाने जेवढा वेळ घ्यावा तेवढा सार्थकने घेतला.

“दीपगृह. जहाजांसाठी. आता तिथं कोणी राहत नाही. ते खडक काळे पडलेले दिसतात ना, तिथं पाय ठेवायचा नाही, लाट कधी येईल सांगता येत नाही.”

“ठेवला असंल का रं त्यानं?”

“नाही. लिहिलंय तसं... लिहिलेलं असतं तिथं.”

“आन् ह्ये?”

“ही खाडी. इथं भरती-ओहोटी लई मोठी. चार मजली घर बुडेल एवढं पाणी चढतं आणि सहा तासांनी तळ उघडा. माणसं तळावर चालतात.”

“माज्या आई!” काकू खरंच रंगल्या. “तू गेल्यावानी सांगतो की. त्याच्यापरास बरं सांगतो.” आणि बोट पुढे सरकवून, “ह्ये डोंगराचं?”

तोच फोटो. ट्रक, आणि ट्रकपलीकडचा समुद्र. आता सांगता आलं असतं. काकू, तुमचा मुलगा साडेबारा हजार किलोमीटर जाऊन डोंगर बघून आला. डोंगर इथंच होता. काकूंनी तसाच्या तसा निरोप दिला असता. त्या निरोप कधी गाळत नाहीत.

“हा तिथला सगळ्यात भारी रस्ता,” तो म्हणाला. “बरोबर गेलाय तो.”

हे ऐकून त्याचं त्यालाच नवल वाटलं. मघाशी ट्रक दिसला तेव्हा एक बारीक, गलिच्छ आनंद झाला होता. तो शोधला तर सापडेना. त्या जागी दुसरंच काहीतरी होतं. सगळ्या जगात एकट्या त्यालाच माहीत होतं की ऋषीने काय बघितलं नाही. ऋषीलाही माहीत नव्हतं. आणि हे ज्या एकाच माणसाला सांगावं असं त्याला वाटत होतं, तो ऋषीच...

“त्याला सांगू का, तू पाह्यलं म्हणून?” काकूंनी उठता उठता विचारलं.

“नको.”

“रागावला का त्याच्यावर?”

“मी बघितलंच नाही तर रागावू कशाला?”

“ह्ये तुमचं दोघांचं येक लई अवघड हाय,” काकू म्हणाल्या, आणि गाल धरून एसटीकडे गेल्या.

दुपारची वेळ, कोणी नव्हतं. सार्थकने फाईल बंद केली. ‘बदल जतन करायचे का?’ असं तिने विचारलं, आणि आज पहिल्यांदा त्याने एखाद्या प्रश्नाला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तो चौकोन तसाच ठेवून बाजूला अर्जाचा कोरा नमुना उघडला. हात आपोआप चालू लागले. ‘मित्राविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही’ हे वाक्य त्याने एकदा लिहिलं, खोडलं, ‘नाही’च्या जागी ‘आहे’ केलं, तेही खोडलं, आणि ती ओळ सोडूनच दिली.

प्रति,
मा. सक्षम अधिकारी,
समुद्र विभाग, अटलांटिक (कॅनडा किनारा) यांस

विषय : समुद्र राखून ठेवणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, मी मौजे राजुरी, ता. जुन्नर, जि. पुणे येथील कायमचा रहिवासी आहे. माझ्या मित्राने चालू महिन्यात सदर समुद्र पाहिलेला आहे. तथापि मध्ये वाहतूक असल्याने तो पूर्णपणे पाहिला असे धरता येत नाही. सबब उर्वरित समुद्र अर्जदार येईपर्यंत कोणासही, विशेषतः माझ्या मित्रास, दाखविण्यात येऊ नये, व अर्जदार आल्यानंतर दोघांस एकाच वेळी दाखविण्यात यावा, ही नम्र विनंती.