पुसलेली खूण

चितेगावच्या शेडमध्ये फहमिदानं जुन्या लाल स्पोर्ट्स कारचा टायमिंग बेल्ट स्वतः उतरवला होता. बेल्ट ज्यावर बसतो त्या दातेरी चाकांवरच्या, बेल्ट जुळवायच्या मूळ खुणा गंजल्या, म्हणून नेलपॉलिशनं नव्या केल्या होत्या. चहा घेऊन आली तर नवरा अझहर पेट्रोलच्या फडक्यानं चाकं फिरवून फिरवून पुसतोय!

"अहो, खुणा कुठंयत?"

"कसल्या खुणा? मला वाटलं, तुझ्या नखांचा रंग लागलाय."

"घरात कधी ताट तरी पुसलं का?"

बेल्ट एखाद-दुसऱ्या दातानं जरी चुकला तर वाल्व पिस्टनवर आदळून इंजिनच जाणार होतं, आणि या गाडीचे पार्ट आता कुठंच मिळत नव्हते. तिनं अंदाजानं बेल्ट चढवला. अझहरनं चावी उचलली.

"हात नका लावू!"

पाना घालून ती इंजिन हातानंच फिरवू लागली, अम्मी जातं ओढायची तशी, हलक्या हातानं. मध्येच पाना अडला; आत वाल्व पिस्टनला टेकला होता. ती जोर न लावता थांबली. बेल्ट काढून दोन दात मागं घेतला, पुन्हा फिरवलं. पाना गेला, वळला, पुरता फेरा घेऊन परत आला. कुठंच अडलं नाही.

"आता द्या चावी."

इंजिन खोकललं, थांबलं, मग एका लयीत घुमू लागलं. अझहरनं फडकं हळूच खिशात कोंबलं.