दिवाणावरचा घाट

हम्मूने नकाशावर माझ्या बहिणीच्या घराभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला, तेव्हाच मला कळलं की याचं काहीतरी बिनसलंय.

एकतीस वर्षांच्या संसारात हा माणूस आपण होऊन कधी माझ्या बहिणीकडे गेलेला नाही. ती अगादिरला असते, बोलायला लागली की थांबत नाही आणि जेवायला बसवलं की उठू देत नाही. ती येणार असली की हम्मूला अचानक संत्र्याच्या झाडांना पाणी घालायची आठवण होते. आणि आता तोच म्हणत होता, "आधी अगादिर. तिथे दोन दिवस राहू. मग सपाटीच्या रस्त्याने माराकेशवरून वळसा घेऊन वर, तामूमावशीकडे."

"दोन दिवस?" मी विचारलं. "तुला ताप वगैरे नाही ना?"

"नात्यागोत्यात कधी जायला नको का, एज्जा?"

तामूमावशीचं गाव घाटाच्या पलीकडे आहे. आमच्या तारूदांतहून सकाळी निघालं आणि सरळ घाट ओलांडला, तर दुपारी तिच्याकडे जेवायला बसता येतं. हम्मूच्या बेताप्रमाणे आम्ही तिथे चौथ्या दिवशी पोचणार होतो. मोटरसायकल तर घाटासाठीच घेतली होती. निवृत्त झाल्यावर एका जर्मन माणसाकडून घेतली, जुनी पण खणखणीत, मागे माझ्यासारखी बाई ऐसपैस बसेल अशी. घरी आणली त्या दिवशी म्हणाला, "तुला मागे बसवून डोंगर दाखवतो." त्याला पाच महिने झाले. डोंगर मला अंगणातून दिसतातच.

खरं कारण मला ठाऊक होतं, आणि त्यालाही ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. हम्मूने या घाटात बावीस वर्षं बस चालवली. प्रत्येक वळण त्याला तोंडपाठ, गाणी म्हणत चालवायचा. अकरा वर्षांपूर्वी धुक्यात पुढ्यात दरड कोसळली, आणि बसचं पुढचं एक चाक कड्याबाहेर गेलं. बसमध्ये चाळीस माणसं होती. मागच्या दाराने एकेक करून सगळी उतरली आणि शेवटी हा उतरला. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. गावाने बकरा कापला, याला खांद्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी याने गुडघ्याचं कारण सांगून सपाटीवरची गाडी मागून घेतली. तेव्हापासून गाणं बंद. त्या घाटाने माझा नवरा ठेवून घेतलाय आणि तो मला परत हवा होता. मावशी काय, ती कुठे पळून जात नाही.

पण हे तोंडावर बोलले असते तर तो उठून संत्र्याच्या झाडांकडे गेला असता. म्हणून मी त्याच्या बेतातच शिरले.

"घाटानेच जाऊ की," मी म्हणाले.

"वजन जास्त होतं. तू, मी, दोन पेट्या. त्यात तुझे साखरेचे सुळके."

निळ्या कागदातला साखरेचा सुळका दोन किलोचा असतो, आणि मावशीकडे तो न घेता जाणं म्हणजे नाक कापून घेणं. मी तिन्ही सुळके बसवाल्याच्या हाती पुढे धाडून दिले. वजन उतरलं.

मग ब्रेक आठवले. ब्रेक नवे बसवले. मग मागच्या चाकाची हवा. दोघांसाठी किती लागते ते मीच गॅरेजवाल्याला विचारून आले. शेवटी हम्मूने हुकमी पत्ता काढला. "तुला वळणावर कलता येत नाही. गाडी डावीकडे वळली की तू उजवीकडे ताठ होतेस. अशाने दोघंही दरीत."

हे मात्र खरं होतं. बाजारापर्यंत जाताना मी तशीच बसते.

"मग शिकव," मी म्हणाले. "आत्ता. इथे."

दिवाणखान्यातल्या लांब दिवाणावर त्याने घोड्यासारखी मांड टाकली आणि पोटाशी लोड घेतला. हँडल म्हणून मी त्याच्या हातात चहाचं तबक दिलं. अंगातला पायघोळ जेलाबा सावरून मागे बसले आणि त्याची कंबर धरली.

"माझ्या खांद्यावरून बघायचं," तो म्हणाला. "मी ज्या बाजूला, त्या बाजूला तू. डावं वळण असेल तर डाव्या खांद्यावरून. सुरू करतो. पूल गेला. आता गाढवाचं वळण, उजवीकडे."

आम्ही उजवीकडे कललो.

"मधमाश्यांचं वळण. डावीकडे. अगं, लोळू नकोस, कल."

तेवढ्यात शेजारची तूदा कुसकुसचं भांडं परत द्यायला आली. दारातच थबकली.

"काय चाललंय, हम्मूभाऊ?"

"घाट चढतोय," मी म्हणाले. "मध्ये येऊ नकोस."

"नाही येत बाई. किती उंच आलात?"

"बदामाच्या झाडांच्या वर," हम्मू म्हणाला. तो हसला नाही. त्याचे डोळे मिटलेले होते. आवाज हळूहळू मोकळा होत होता, वळणं पटापट येत होती, म्हातारीचं पाणी, तुटका कठडा, दोन बहिणी. मीही आता न सांगता कलत होते. आणि मग तो थांबला.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे ते वळण."

"मग घे की."

"एज्जा, तिथे पोचलो की बसच्या काचेत मला नुसतं आभाळ दिसतं. तेव्हा मागे चाळीस परकी माणसं होती. आता तू असशील."

खोटं कशाला सांगू, क्षणभर वाटलं की जाऊ दे, अगादिर काय वाईट आहे. पण त्याची कंबर मी सोडली नाही.

"त्या दिवशी कुणी ओरडलं का रे?"

"नाही."

"का नाही?"

"मी म्हणालो, कुणी हलू नका. कुणी हललं नाही."

"चाळीस परक्या माणसांनी तुझं ऐकलं, आणि मी ऐकणार नाही असं वाटतं तुला? तू हलू नको म्हण, मी हलणार नाही. कल म्हण, कलेन. पण काहीतरी म्हण, हम्मू. अकरा वर्षं झाली, तू काही म्हणतच नाहीस."

त्याने तबक दोन्ही हातांनी पुन्हा नीट धरलं.

"उजवीकडे," शेवटी तो म्हणाला. "सावकाश. आतल्या अंगाने."

आम्ही कललो. दारात भांडं पोटाशी धरून तूदाही कलली.

पुढची वळणं त्याने शांतपणे घेतली, खिंडीच्या माथ्यापर्यंत. मग त्याने तबक खाली ठेवलं, माझ्याकडे न बघता लोड जागेवर लावला, आणि नेहमीच्या कुरकुऱ्या आवाजात म्हणाला, "शनिवारी पहाटे फजरची नमाज झाली की निघू. आणि लोकरीचे मोजे काढून ठेव. दोघांचेही."

सपाटीच्या रस्त्याला लोकरीचे मोजे लागत नाहीत. मी ते शोधायला आतल्या खोलीत गेले आणि जरा जास्तच वेळ शोधत बसले.