संध्या इथं राहत नाही

भोकरवाडीला पोलीस ओळखायला गणवेश लागत नाही, बूट पुरतात. कर्जतहून येणारा डांबरी रस्ता डोंगराच्या पायथ्याशी संपतो आणि पुढे पायवाटेची चढण लागते. खाली मोटारसायकल लावून, साध्या शर्टातला पण तांबड्या बुटांतला माणूस त्या चढणीवर दिसला की सगळी वाडी कानांवर हात ठेवते. पुरुष गुपचूप रानाच्या अंगाला निघून जातात आणि बोलायचं काम बायकांकडे येतं. बायकांनी बोलायचं म्हणजे काय, तर काही म्हणजे काही सांगायचं नाही. ही वाडीची रीत, आणि त्या रीतीत चिमा सगळ्यांत पटाईत होती.

तिला पटाईत व्हावं लागलं होतं. तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा खालच्या एका फार्महाऊसवरचा पाण्याचा पंप चोरीला गेला. पोलीस वर आले, हिरू निरगुडे कुठं राहतो म्हणाले, आणि नव्या नवरीनं खरं ते सांगितलं, "ह्येच घर. जेवाया बसल्यात." हिरूला ताटावरून उठवून नेलं. पुढे पंप सापडला तो रखवालदाराच्याच मेव्हण्याकडे, पण तोवर चोर सोडून संन्याशाला सुळी होऊन गेली होती. हिरू लंगडत परत आला, तो अजून लंगडतोच. त्यानं बायकोला कधी बोल लावला नाही. तिनं मात्र स्वतःला लावला आणि पोलिसांशी खरं बोलायची खोड कायमची मोडून टाकली.

त्यांची लेक संध्या. आयटीआय करून साजगावच्या एका कारखान्यात लागली होती. आठवडाभर खोपोलीत मोतीबाईंकडे भाड्याच्या खोलीत राहायची आणि शनिवारी वाडीवर यायची. कारखान्यात कोरियाहून नवं यंत्र यायचं होतं. ते शिकून यायला तिघांना तिकडे धाडायचं ठरलं आणि तिघांत संध्याचं नाव निघालं. चिमानं ही बातमी वाडीत घरोघर सांगितली, आणि ज्यांना सांगून झाली त्यांना पुन्हा सांगितली. कोरिया कुठल्या अंगाला आलं हे तिला ठाऊक नव्हतं. तिथं पोचायला लागतो तो पासपोर्ट आणि पासपोर्ट वेळेत आला पाहिजे, एवढं मात्र तिला पक्कं कळलं होतं.

"आये," संध्या म्हणाली, "एक मानूस येईल चौकशीला. त्येला चहा पाज, नि इचारील ते नीट सांग."

माणूस म्हणाली, पोलीस म्हणाली नाही. पोलीस म्हटलं की आईची पाचावर धारण बसते, तो येऊन जाईपर्यंत ती ना जेवेल ना झोपेल, हे पोरीला माहीत होतं. म्हणून तेवढा एक शब्द तिनं गिळला. मायेपोटीच गिळला. माया कधी कधी अशी आडवी येते की वैऱ्यानंही येऊ नये.

चिमानं साखर आणून ठेवली. कपबशी घासूनपुसून ठेवली. तिच्या मनातला पासपोर्टवाला चष्मेवाला होता, हातात कागदांची पिशवी असलेला, थोडासा मास्तरासारखा. आला तो तांबड्या बुटांचा.

"संध्या हिरू निरगुडे इथंच राहते का?"

लेकीचं नाव, आणि ते ह्या तोंडात! कारखान्यात काय झालं असेल, कुणी काय आळ घेतला असेल, क्षणात चिमाच्या डोळ्यांपुढून सगळं गेलं. हातातली लाकडाची मोळी तिनं शांतपणे खाली ठेवली.

"नाय बा. तशी कोनी नाय हितं."

"आधार कार्डावर हीच वाडी आहे."

तेवढ्यात शेजारची सोमी न बोलावता मदतीला आली. "व्हती एक. कवाच लगीन होऊन गेली. तिकडं गुजरातला दिली."

त्यानं तिथंच उभं राहून संध्याला फोन लावला. कारखान्यात मोबाईल दारावर काढून ठेवावा लागतो, तो उचलणार कोण? मग तो आणखी दोन घरं फिरला. सगळीकडे संध्याचं लग्न झालेलं होतं, एका घरात तर तिला मुलगाही झाला होता. वाडी एकदा राखायला लागली की हात राखून राखत नाही. तांब्याभर पाणी पिऊन तो उतरून गेला, आणि बऱ्याच वर्षांनी चिमाला वाटलं, ह्या वेळी आपण आपलं माणूस वाचवलं.

शनिवारी संध्या आली तेव्हा चिमा भाकरी थापत होती.

"आये, आलतं का गं कोनी चौकशीला?"

"तुजा पासपोर्टवाला अजून नाय आला. पन पोलीस आलता तुज्या नावानं!" चिमा रंगात येऊन सांगू लागली. "असा परतवला त्येला! ताकास तूर लागू दिला नाय. सोमीनं तर तुला थेट गुजरातला नांदवली." ती हसली. मग आवाज खाली करून म्हणाली, "काय केलंस गं पोरी? खरं सांग, मी तुज्या बापाला नाय सांगनार."

संध्या हसली नाही. पाठीवरची पिशवी तिनं अजून खांद्यावरून उतरवलीही नव्हती.

"आये, त्योच व्हता गं पासपोर्टवाला."

तव्यावरची भाकरी करपली. दोघींनाही वास आला, पण कुणी हात घातला नाही.

"मंग तू पोलीस येनार असं का नाय म्हनलीस?"

"तू भिशील म्हनून."

हिरू दारात बसून ऐकत होता. "मी असतो तरी ह्येच बोललो असतो," तो म्हणाला. बायकोला बरं वाटावं म्हणून म्हणाला, पण कुणालाच बरं वाटलं नाही.

बाजाराला जाताना ज्या पोलीस ठाण्यासमोरून चिमा रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं चालायची, त्या ठाण्याच्या पायऱ्या ती सोमवारी स्वतःहून चढली. संध्यानं तिचा दंड धरला होता. हवालदारानं तिला लगेच ओळखलं.

"मावशी, मी इतकं विचारलं, तेव्हा का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलंत म्हनूनच नाय सांगितलं."

तो हसला. मग तिच्याकडे नीट पाहिलं आणि हसायचा थांबला.

"मी खोटं बोलले साहेब. माज्यावर काय ती केस करा, मला आत टाका. पोरीचं काम अडवू नका."

माणूस वाईट नव्हता. त्यानं तिला खुर्ची दिली, चहा मागवला. पण दिलेल्या पत्त्यावर मुलगी राहत नाही असा अहवाल केव्हाच वर गेला होता, आता सगळं पहिल्यापासून करावं लागणार होतं. "ह्या वेळी खोपोलीच्या खोलीचा पत्ता टाक," खोलीचं तिच्याकडून कळल्यावर तो संध्याला म्हणाला. "तो का नाही दिलास आधीच?"

"अर्ज भरताना कॉम्प्युटरवाला पन तेच बोललेला," संध्या म्हणाली. "पन मला घरचा पायजे व्हता."

चिमानं चहाचा पेला तसाच टेबलावर ठेवला. एकदा खरं बोलली तर नवरा गेला धरून, खोटं बोलली तर लेकीचा घास गेला. गरिबानं बोलावं तरी काय, हे तिला त्या खुर्चीवर बसून कळेना.

कोरियाला बाकीचे दोघे पोरगे गेले. तिसऱ्या जागेवर चौक गावचा एक मुलगा गेला, त्याचा पासपोर्ट आधीच काढलेला होता. संध्या जुन्याच यंत्रावर राहिली. आईला ती एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती, भांडली असती, तर चिमाला सोसलं असतं.

करवंदं पिकली तेव्हा एका शनिवारी संध्यानं पिशवीतून पासपोर्ट काढून आईच्या हातात दिला. चिमानं हात पदराला पुसले. फोटो पाहिला. मागचं पान उघडून म्हणाली, "हितं काय लिवलंय?"

"तुजं नाव. आईचं नाव, चिमा हिरू निरगुडे."

"नि त्येच्या खाली?"

"पत्ता. खोपोलीचा."

"तिथं आलते का पोलीस?"

"आलते. मोतीबाई दारातच बोलल्या, हो, इथंच राहते, माझ्या मुलीसारखी आहे."

चिमा बराच वेळ त्या पानावरून अंगठा फिरवत राहिली. मग उठली. सकाळी रानातून आणलेली करवंदं बाजारात न्यायची होती. त्यातली काळीभोर, टपोरी तेवढी तिनं वेचली, पळसाच्या पानांत बांधली आणि लेकीच्या पिशवीत वर ठेवली.

"मोतीबाईला दे," ती म्हणाली. "सांग तिला, संध्याच्या आयनं दिल्यात. आय हाय तिला. भोकरवाडीत राहते."