धडपड्या आणि आमच्या ह्यांची फरशी

आमच्या बैठकीच्या खोलीत गेली दोन वर्षं एक गुडघ्याएवढा माणूस पडतोय. पडतो, उचलला जातो, पुन्हा पडतो. तो रोबो आहे आणि माझ्या सुनेने तो स्वतःच्या हातांनी बनवला आहे. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासून ती घरी येते, चहा घेते आणि फरशीवर मांडी ठोकून ह्याचे पाय तपासायला बसते. कुणी भरतकाम करतं, कुणी कुंड्या लावतं, हिला हा छंद. आमच्या ह्यांनी त्याचं नाव ठेवलं धडपड्या.

सुरुवातीला मी नाकं मुरडली, खोटं कशाला बोलू? सोफ्यावर वायरी, टीपॉयवर स्क्रू, आणि धूळ पुसायला गेलं की, “आई, त्याला हात नका लावू!” पण मुलगा नोकरीपायी बाहेरगावी, महिन्यातून एकदा तोंड दाखवणार. घरात आम्ही तिघंच. पूर्वी जेवणं झाली की तिघं तीन खोल्यांत. धडपड्या आल्यापासून संध्याकाळी सगळे एका खोलीत असतो. हे खुर्चीत बसून सल्ले देतात, मी सल्ले देणाऱ्याला टोमणे मारते आणि सून दोघांकडेही दुर्लक्ष करते. घर कसं भरल्यासारखं वाटतं.

चालणं म्हणजे काय हे मला सुनेने समजावलं. तोवर उभा जन्म मी न समजताच चालत होते.

“एक पाय उचलायच्या आधी सगळा भार दुसऱ्या पायावर न्यायचा,” ती म्हणाली. “तो नीट गेला नाही की माणूस कलंडलाच.”

मी स्वयंपाकघरात जाऊन गुपचूप करून बघितलं. खरंच की! पाय उचलायच्या आधी कंबर आपोआप दुसरीकडे जाते. आपण किती हुशार आहोत हे आपल्याला कुणी सांगतच नाही.

धडपड्याला मात्र हे सगळं शिकवावं लागलं. सुनेने त्याची बॅटरी छातीतून काढून खाली कंबरेत बसवली, म्हणजे वरचं ओझं कमी. तळव्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर चिकटवलं. पावलं छोटी केली. तरी स्वयंपाकघराच्या दारातून निघाला की हा पठ्ठ्या डावीकडे, खिडकीच्या बाजूलाच आडवा व्हायचा. मग तिने त्याच्या घोट्यांतल्या मोटरींना उजवीकडे झोक द्यायला शिकवलं, रोज केसाएवढा जास्त. आणि एका संध्याकाळी धडपड्या स्वयंपाकघरापासून बाहेरच्या दारापर्यंत न पडता चालत गेला. आम्ही तिघांनी असा गलका केला की काय झालं बघायला शेजारीण आली.

सुनेच्या छंद मंडळाचं प्रदर्शन जवळ आलं होतं. आदल्या रविवारी तिथे सराव होता. ती धडपड्याला खोक्यात घालून ऐटीत घेऊन गेली आणि दुपारी पडलेल्या चेहऱ्याने परत आली.

“तिथे दर वेळी उजवीकडे पडला,” ती म्हणाली. “मंडळाचे चिटणीस म्हणाले, घोट्यांची रचनाच चुकली आहे. पाय नव्याने करा.”

तिने त्याला आमच्या फरशीवर ठेवलं, तर स्वारी नवरदेवासारखी चालायला लागली.

“घरात वाघ, बाहेर शेळी,” हे म्हणाले.

सून हसली नाही. “बाबा, येत्या रविवारी तिथे चालला नाही, तर मी त्याचे सुटे भाग करून मंडळात वाटून टाकणार. बास झालं आता.”

ही बोलते कमी, पण बोलली की करते. मला धडपड्याची काळजी होतीच, त्याहून जास्त आमच्या संध्याकाळींची होती.

“तिथली फरशीच वाकडी असेल,” ती पुटपुटली.

“वा!” हे गरजले. “नाचता येईना, अंगण वाकडं!”

मला चहाचा असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं.

त्याचं कारण सांगते. आमचे हे गवंडी. आता काम सोडलंय, पण गावभर ह्यांच्या हातच्या भिंती उभ्या आहेत, एकीलाही ओळंबा लावून खोट काढता येणार नाही. आणि ह्या खोलीची फरशी ह्यांनी स्वतः घातली आहे. आल्या-गेल्याला सांगतात, “गोटी ठेवून बघा, जागची हलायची नाही.” कुणी ठेवली नाही, कारण ह्या घरात गोटी येणार नाही ह्याची काळजी मी घेत आले. आमची फरशी खिडकीकडे उतरती आहे हो! पुसायची बादली कलंडली की पाणी पळत सुटतं ते थेट खिडकीखाली. कपाट डुगडुगू नये म्हणून मी त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवली आहे. पण ज्याने जन्मभर दुसऱ्यांची घरं सरळ बांधली, त्याला त्याचंच घर वाकडं आहे हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

सोमवारी फरशी पुसताना पाणी खिडकीकडे निघालं आणि मी फडकं हातात धरून तशीच बसले. धडपड्या आधी खिडकीकडेच पडायचा. सुनेने त्याला उलट बाजूला झुकून चालायला शिकवलं. म्हणजे बिचारा आमच्या उतारावर चालायला शिकला! सपाट जागी गेला की तोच झोक त्याला उजवीकडे पाडणार नाहीतर काय? पाय चांगले होते, डोकं चांगलं होतं, शाळा वाकडी होती.

आता एकीकडे ह्यांचा मान, दुसरीकडे सुनेचा धडपड्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सून दुकानात गेल्यावर मी ह्यांच्यासमोर जाऊन बसले.

“अहो, रागावू नका. आपली फरशी उतरती आहे.”

ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. “तुला कधी कळलं?”

“पहिल्यांदा पुसली तेव्हा.”

ह्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग म्हणाले, “मला घातली त्याच दिवशी कळलं होतं. लग्न तोंडावर आलं होतं. नवी नवरी मातीच्या जमिनीवर यायला नको म्हणून घाई केली. सगळं लक्ष तुझ्याकडे, लेव्हल कोण बघतो?”

“आणि मग गोटी ठेवून बघा, म्हणून सांगत का सुटलात?”

“आपणच छातीठोक सांगितलं की कोणी ठेवून बघत नाही.”

मला हसू आवरेना. हेही हसायला लागले, खुर्ची करकरेपर्यंत. इतकी वर्षं एका उतारावर संसार केला आणि दोघंही एकमेकांपासून तो लपवत होतो. मग मी धडपड्याचं गणित सांगितलं. हसू थांबलं.

“सुनेला सांगू नकोस,” हे म्हणाले. “तिच्यासमोर काय तोंड राहील माझं? मी बघतो काय करायचं ते.”

संध्याकाळपर्यंत ह्यांनी प्लायवूडची एक लांब फळी आणून खोलीत अंथरली. खिडकीच्या बाजूने खाली लाकडी पाचरी ठोकल्या, वर लेव्हल ठेवली, तिच्यातला बुडबुडा मधोमध येईपर्यंत घाम गाळला. सून आल्यावर म्हणाले, “घे, सरावाला फळी केली. पाय घसरायचे नाहीत.”

तिने धडपड्याला फळीवर उभं केलं. दोन पावलं, आणि धप्प. उजवीकडे.

“आई!” ती ओरडली. “घरी पडला! तिथल्यासारखाच पडला!”

पडल्याचा एवढा आनंद मी पहिल्यांदाच पाहिला. मग ती वाकून फळीखाली बघायला लागली. खिडकीच्या बाजूला जाड पाचरी, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तिची नजर पाचरींवरून फरशीवर गेली, फरशीवरून कपाटाखालच्या पुठ्ठ्यावर, आणि शेवटी सासऱ्यांवर. हे छत निरखत होते. पोरगी दुसऱ्यांच्या नजरेतला बारीकसारीक दोष शोधून पोट भरते, तिला कळायला कितीसा वेळ लागणार?

“बाबा,” ती म्हणाली, “फळी एकदम छान झाली आहे.”

बस्स. एवढंच. मला तिची पापी घ्यावीशी वाटली.

पुढचे दिवस तिने घोट्यांतला तो सगळा झोक काढून टाकला. सरळ उभं राहणं म्हणजे काय, हे धडपड्याच्या कंबरेतल्या सेन्सरला फळीवर नव्याने शिकवलं. जे अंगवळणी पडलं होतं ते विसरायला धडपड्याला शिकण्यापेक्षा जास्त त्रास झाला. कधी पुढे पडला, कधी मागे, एकदा तर नुसता उभ्याउभ्या बसला. हे रोज सकाळी उठून आधी फळीवर लेव्हल ठेवायचे, मग दात घासायचे.

रविवारी मंडळाच्या सभागृहात आम्ही दोघं पुढच्याच रांगेत बसलो. लोकांनी उडणारी, पोहणारी, दिवे लावणारी यंत्रं आणली होती. सुनेने धडपड्याला चटईच्या टोकाला ठेवलं आणि मागे सरकली. मी पदराचं टोक मुठीत धरलं. धडपड्याने कंबर उजवीकडे नेली, डावा पाय उचलला. मग कंबर डावीकडे, उजवा पाय. चटईच्या मध्यावर तो डगमगला, मी डोळे मिटले, आणि ह्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. डोळे उघडले तर धडपड्या सावरला होता. चालत, चालत, चालत तो पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला.

काय टाळ्या पडल्या! सून दोन्ही हात तोंडावर धरून हसत होती, रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं.

चिटणीस माईक घेऊन आले. “मी म्हटलं होतं ना, घोट्यांची रचना बदला! काय काय बदललंत, जरा सगळ्यांना सांगा.”

सुनेने आमच्याकडे पाहिलं. “रचना तीच आहे,” ती म्हणाली. “माझाच सराव कमी पडत होता.”

माझ्या शेजारची खुर्ची करकरली. हे उभे राहिले होते.

“सराव कमी नव्हता,” हे म्हणाले, माईकशिवाय, बांधकामावर हाक मारायचे त्या आवाजात. “पोरीचं काही चुकलं नव्हतं. मी गवंडी आहे. आमच्या घरची फरशी मी घातली आणि ती वाकडी आहे. तिने वाकड्या फरशीवरसुद्धा त्याला चालवून दाखवला, हे तुमच्यापैकी कुणी करून दाखवा!”

सभागृह असं काही हसलं, असं काही टाळ्या वाजवायला लागलं, की धडपड्यालाही एवढ्या मिळाल्या नव्हत्या. सून धावत आली आणि तिने ह्यांना मिठीच मारली. हे कानापर्यंत लाल झाले, पण मान ताठ. मला इतका आनंद झाला की मी उभी राहून सगळ्यांत जोरात टाळ्या पिटत होते.

मागच्या रांगेतल्या बाईंनी माझ्या खांद्याला हात लावला. “तुमचा का हो?” त्यांनी चटईकडे बोट दाखवलं.

“तो सुनेचा,” मी म्हटलं. “माझा हा इकडे उभा आहे.”