सुराबायाची सफरचंदं

वेनिंग घरातून थाप मारून निघाली होती, आणि तीही चक्क ऑफिसच्या नावावर. समुद्रकाठच्या सुराबायाला दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे, म्हणाली. तगुहदादानं भुवया चढवल्या. वडील गेल्यापासून घरात शब्द त्याचाच. बिनलग्नाच्या पोरीनं एकटीनं भटकायचं नाही, आणि पुन्हा खोटं सापडलं तर नोकरी बंद, असं त्यानं बजावूनच ठेवलं होतं. आणि बाईसाहेब निघाल्या होत्या कुठे, तर मालांगला! डोंगरातल्या शहरात, काडीचं काम नसताना. सासरी जाण्याआधी एक तरी गोष्ट कुणाला न विचारता करायची, एवढंच तिच्या मनात होतं.

कुतोआर्जोहून गाडी सुटली आणि थोड्याच वेळात त्यांच्या घरामागून गेली. परसात आई धुणं वाळत घालत होती. मालांगची गाडी आली की हातातलं काम टाकून शेवटचा डबा जाईपर्यंत बघत राहायची, ही आईची जुनी खोड. वेनिंग झटकन खाली वाकली आणि उगाच चपलेचा पट्टा चाचपत बसली.

समोरच्या मावशींनी केळीच्या पानातला भात पुढे केला आणि चौकशी सुरू केली. एकटीच का? नवरा कुठाय? नवरा स्टेशनवर घ्यायला येणार आहे, असं वेनिंगनं ठोकून दिलं. झालं! बोगदे मागे टाकून गाडी संध्याकाळी मालांगला लागली, तरी मावशी काही हलेनात. पोरीला नवऱ्याच्या हवाली केल्याशिवाय त्यांना चैन कसं पडावं? शेवटी हिला स्वच्छतागृहात लपून बसावं लागलं. एक खोटं दडवायला दुसरं लागतं, ते असं.

हॉस्टेलमध्ये तिला वरचा पलंग मिळाला. पडदा, छोटा दिवा, कपाटाची किल्ली. खोलीतल्या बाकीच्या मुली आपापल्या पडद्यांआड होत्या, हिला कुणी काही विचारलं नाही. कोपऱ्यावरच्या हातगाडीवर तिनं मांसाच्या गोळ्यांचा गरम रस्सा खाल्ला. थंडीनं नाक गळत होतं, अंगात एकच पातळ स्वेटर, पण इतकं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. सकाळी कुणी हाक मारली नाही. उठली, आपला कप आपण विसळला आणि डोंगराकडे बघत कॉफी पीत बसली. लग्नानंतर हे जमणार नाही, या विचारानं तिला रडूही आलं.

इथवर सगळं निभावलं होतं. पण परतीच्या वाटेवर स्टेशनबाहेरचं दुकान दिसलं आणि हाताला कोण अडवणार? गावाहून रिकाम्या हातानं घरी जायचं नसतं, हे बाळकडूच. तिनं सफरचंदाच्या कुरकुरीत कापांचा खोका घेतला, पैसे दिले आणि निवांत गाडीत बसली.

स्वयंपाकघरात आईनं पिशवीतून तो खोका काढला, तेव्हा कुठे वेनिंगच्या डोक्यात उजेड पडला. वर डोंगर, लालबुंद सफरचंदं आणि खाली ठळक अक्षरांत 'मालांग'. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा! बाहेरून दादानं विचारलं, काय आणलंय सुराबायाहून?

आईनं एकदा खोक्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग काप डब्यात ओतले, खोका मोडून चुलीत सारला आणि डबा बाहेर नेऊन दादापुढे ठेवला.

"सुराबायात सफरचंदं कधीपासून पिकायला लागली?" तो म्हणाला.

"पिकत नसतील, विकत तर असतील. खा गुमान."

दादा खाऊन नमाजाला गेला. आई चुलीपाशी येऊन बसली. आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून वेनिंग मान खाली घालून उभी होती.

"पुढच्या वेळी सुराबायाला जाशील, तेव्हा मासे आण," आई म्हणाली. मग बराच वेळ निखारे सारखे करत राहिली. "त्या गाडीतून आपलं घर दिसतं का गं?"

"दिसतं," वेनिंग म्हणाली. "तू धुणं वाळत घालत होतीस."

"मग हात तरी करायचास."